‘पेट सेफ’ स्टिकरखाली विकलेला फिलोडेन्ड्रॉन

मांजरासाठी बाल्कनीला जाळी मारून घेतली की आत थोडी हिरवळ हवीशी वाटते. बाल्कनी उत्तरेची, ऊन येत नाही, म्हणून कमी उजेडात तगणाऱ्या लोंबत्या वेली शोधल्या जातात. गिऱ्हाईक फसतं ते इथेच. ओळखीतल्या एका घरी ‘पेट सेफ हँगिंग कॉम्बो’, म्हणजे पाळीव प्राण्यांना न बाधणाऱ्या लोंबत्या झाडांचा संच, ऑनलाइन मागवला होता. जाहिरातीत पेपरोमिया, होया आणि स्वीडिश आयव्ही, आणि पार्सलमध्ये बदामी पानांचा फिलोडेन्ड्रॉन, होयाचं एकुलतं एक पान आणि इंग्लिश आयव्ही. तिन्ही कुंड्यांवर ‘पेट सेफ’चं स्टिकर. मांजराने फिलोडेन्ड्रॉनचं पान चावलं. तोंडातून लाळेच्या तारा लागल्या, पंजाने तोंड घासणं सुरू झालं, खाणं सुटलं. विक्रेत्याचं उत्तर एवढंच, की झाड जिवंत पोचलंय, परत घेणार नाही.

मनीप्लांट, फिलोडेन्ड्रॉन, सिंगोनियम ही सगळी अळूच्या कुळातली. अळू घशाला खाजतं त्याच कारणाने हीही त्रास देतात: पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चावताच ते जिभेत, हिरड्यांत रुततात. इंग्लिश आयव्हीत सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. असं झालं तर तोंड पाण्याने पुसून काढा, उलटी करवू नका, आणि पशुवैद्याकडे जाताना त्या झाडाची फांदी सोबत न्या.

ही अदलाबदल मुख्यतः पैशासाठी होते. मनीप्लांट किंवा फिलोडेन्ड्रॉनचं एक पेर मातीत खोचलं तरी फुटतं. पेपरोमिया सावकाश वाढतो आणि पाणी जास्त झालं की कुजतो. लहान कुंडीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवं पान निघतं ती जागा नीट बघा. फिलोडेन्ड्रॉनचं कोवळं पान पातळ आवरणात गुंडाळलेलं असतं आणि ते आवरण पुढे वाळून गळतं. पेपरोमियाला असं आवरण नसतं. त्याचं पान मांसल, बोटाने दाबलं तर जाड लागतं, आणि ठळक शिरा देठापासूनच फाकतात. फुलोरा आला तर उंदराच्या शेपटीसारखा बारीक. मनीप्लांटच्या पेरापेरावर हवाई मुळांचे तपकिरी कोंब दिसतात.

होयाच्या एका बदामी पानाची फसवणूक वेगळीच. पानाला खोडाचं पेर नसेल तर ते मुळं धरतं, वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. निदान दोन पेरांचं खोड दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. भरगच्च दिसणाऱ्या हँगिंग कुंडीतली फांदी हलकेच ओढून बघा. सहज हातात आली तर मुळं न फुटलेल्या काड्या नुसत्या कोकोपीटमध्ये खोचलेल्या आहेत.

झाड बरोबर निघालं तरी माती धोक्याची असू शकते. खत म्हणून एरंडीची पेंड घातलेली असते. तिच्यात रिसिन हे जहाल विष असू शकतं आणि तिच्या वासाने कुत्री कुंडी उकरतात. मातीत कीटकनाशकाचे रंगीत दाणेही सापडतात. हातमोजे घालून जुनी माती झाडा, मुळं धुवा, नव्या मातीत लावा. मुळांतून शोषलेलं औषध पानांत उतरतं आणि धुण्याने जात नाही, म्हणून झाड काही आठवडे जाळीबाहेर ठेवा. ससा किंवा गिनी पिग असेल तर त्याहून जास्त, कारण ते पानं पोटभर खातात.

मांजरासाठी भरवशाच्या लोंबत्या झाडांत स्पायडर प्लांट, पेपरोमिया, होया, स्वीडिश आयव्ही आणि बॉस्टन फर्न येतात. फर्नला दमट हवा लागते. ‘फर्न’ म्हणून अ‍ॅस्परागस मात्र घेऊ नका, तो खरा फर्नच नाही आणि मांजरांना बाधतो. कमी उजेड म्हणजे अंधार नव्हे. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवाच, नाहीतर वेल लांब, विरळ होते आणि पानं टाकते. चट्टेरी पानांच्या जातींना त्याहून जास्त उजेड लागतो.

ऑर्डर देण्याआधी शास्त्रीय नाव लेखी मागा. नुसतं ‘आयव्ही’ लिहिलं असेल तर घेऊ नका, कारण मनीप्लांटही डेव्हिल्स आयव्ही म्हणून विकला जातो. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरी दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.