टार्कोव्ह काही महिने खेळल्यावर: नेम नंतर, आधी कान

एस्केप फ्रॉम टार्कोव्ह हा पीसीवरचा शूटिंग गेम घेऊ का, असं ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. २०१७ पासून बीटात, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत अडकलेला गेम १५ नोव्हेंबर २०२५ ला एकदाचा १.० झाला अन स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पण आला, तेव्हापासून आपल्याकडचे बरेच जण बीजीएमआय किंवा सीएस (काउंटर-स्ट्राइक) सारख्या शूटिंग गेमवरून थेट इकडे उड्या मारतायत. सीएस मधला नेम इथे कामाला येतो, पण तो चौथ्या-पाचव्या नंबरवर. त्याच्या आधी कान, मॅप, गोळी अन खिसा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्विन्स्क नावाचा एक काल्पनिक रशियन भाग, त्यात तुम्ही भाडोत्री सैनिक, म्हणजे पीएमसी. स्वतःची बंदूक, चिलखत, औषधं घेऊन रेडमध्ये, म्हणजे एका फेरीत उतरायचं, लूट गोळा करायची अन ठरलेल्या एक्स्ट्रॅक्टवरून, म्हणजे सुटायच्या जागेवरून जिवंत बाहेर पडायचं. मेलात तर अंगावरचं जवळजवळ सगळं गेलं. उरतो तो सिक्युअर कंटेनर, म्हणजे मेल्यावरही न जाणारा छोटा डबा, स्टँडर्ड एडिशनला तो अल्फा असतो, दोन बाय दोन, म्हणजे चार चौकोन, आणि लुटीत एक ग्राफिक्स कार्ड मिळालं की त्यातले दोन तिथेच भरले.

आता स्क्रीनवर काय दिसतं? काही नाही. मिनीमॅप नाही, पावलांचे मार्कर नाहीत, समोरचा मेला की नाही हे सुद्धा गेम सांगत नाही. मॅगझिनमध्ये किती गोळ्या आहेत ते मॅगझिन काढून बघायचं, तेही अंदाजेच कळतं. बीजीएमआयवाल्याला पहिले काही दिवस अक्षरशः आंधळं झाल्यासारखं वाटतं. पण मग हळूहळू कान उघडतात राव. काचेवर पाय पडला, झुडूप हललं, पत्र्यावर कोणीतरी चाललं, वरच्या मजल्यावर कोणीतरी गोळ्या भरतोय, हे सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागतं, आणि माउसच्या चाकाने चालण्याचा वेग कमी करता येतो हे कळलं की आपण स्वतः केवढा गोंगाट करत फिरत होतो ते पण कळतं. गेमच्या आतला हेडसेट, म्हणजे कॉमटॅक वगैरे, तो हेल्मेटच्या आधी घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅपचं म्हणाल तर सुरुवातीला एकच धरा अन तोच पाठ करा. मी कस्टम्स धरला. तिथे तुम्ही ज्या टोकाला उतरता त्याच्या उलट्या टोकाला एक्स्ट्रॅक्ट मिळतो, म्हणजे बिग रेड इमारतीच्या बाजूला उतरलात तर झेडबी-१०११ किंवा तिकडचंच काहीतरी अन तिकडून उतरलात तर क्रॉसरोड्स, त्यामुळे मधली नदी अन डॉर्म्सचा (वसतिगृहांचा) पट्टा टाळून कसं जायचं हेच अर्धं शिक्षण आहे. ओ दोनदा दाबलं की तुमच्या एक्स्ट्रॅक्टची नावं येतात, फक्त नावं, ती जागा कुठे आहे ते तुमचं तुम्ही शोधा. दुसऱ्या स्क्रीनवर नकाशा उघडून ठेवण्यात काही कमीपणा नाही, सगळेच ठेवतात. आणि आधी प्रॅक्टिस मोडमध्ये नुसतं चालून या, तिथे काही हरवत नाही.

गोळीवर जरा जास्त लिहितो कारण इथेच नवीन माणूस सगळ्यात जास्त वैतागतो. "मी त्याला सहा मारल्या, त्याने मला एक" हे रडगाणं प्रत्येकाचं असतं. बंदूक महागडी असून उपयोग नाही, गोळी चिलखत भेदते का ते बघा. स्वस्तातली हॉलो पॉइंट (पोकळ टोकाची) गोळी उघड्या अंगाला जबरदस्त लागते पण क्लास ४ च्या प्लेटवर टपटप आपटून राहते. तशी गोळी असेल तर सरळ पायावर मारा, पायाला चिलखत नसतं. माणसाची एकूण हेल्थ ४४०, पण ती सात भागांत वाटलेली, त्यात डोकं ३५ अन छाती ८५. डोकं किंवा छाती शून्य झाली की खेळ खलास, बाकी कितीही उरलेलं असो. पाय गेला तर लंगडत का होईना चालता येतं, पेनकिलर घेतली तर पळता पण येतं. त्यात ॲनाल्जिन नावाची गोळी आहे, आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीची, बघून फार बरं वाटलं.

गियर फिअर, म्हणजे चांगलं सामान गमावण्याची भीती, हा या गेमचा खरा बॉस. चांगली रायफल स्टॅशमध्ये, म्हणजे आपल्या कोठारात, ठेवणीतल्या पैठणीसारखी पडून राहते अन आपण पिस्तूल घेऊन मरत राहतो. यावर उपाय म्हणजे स्कॅव्ह रन, म्हणजे पीएमसीऐवजी तिथल्या स्थानिक लुटारूच्या (स्कॅव्हच्या) रूपात फेरी, फुकटचं सामान, मेलात तरी आपलं काही जात नाही, बाहेर आलात तर सगळं आपलं. फक्त स्कॅव्ह असताना दुसऱ्या स्कॅव्हला विनाकारण मारू नका, फेन्स नावाच्या व्यापाऱ्याकडे पत घसरते. आणि इन्शुरन्स करत जा, प्रापोर किंवा थेरपिस्ट या गेममधल्या व्यापाऱ्यांकडे, कारण स्वस्तातलं किट दुसरा उचलत नाही अन ते काही तासांनी परत येतं. महागडं मात्र येत नाही, ते घ्यायला लोक टपलेलेच असतात.

न आवडलेलं पण आहे. वेळ खातो हा गेम. रेड संपल्यावर स्टॅश लावण्यातच रात्र जाते, ऑफिसवाल्यांनी विचार करून घ्या. मध्येच लाइट गेली तर गेम तुमच्यासाठी थांबत नाही, इन्व्हर्टर असलेला बरा. स्ट्रीट्स मॅपसाठी ३२ जीबी रॅम असेल तरच मजा. माणसांशी लढायचंच नसेल तर पीव्हीई, म्हणजे फक्त कॉम्प्युटरच्या शत्रूंशी लढायचा मोड आहे, पण तिथे ती धडधड नाही, माझं मन रमलं नाही.

सध्या इंटरचेंज हा मॅप शिकतोय. मॉलच्या अंधारात किला नावाचा बॉस फिरत असतो म्हणे. मी त्याला अजून समोरून बघितलेलं नाही, मेल्यावरच्या स्क्रीनवर नाव तेवढं वाचलंय.