घरी बनवलेलं पीसी कॅबिनेट: आठेक महिन्यांनंतर, आणि अर्थिंगबद्दल जरा जास्तच

"लोकल कॅबिनेटमध्ये वापरलंय ना सर, मग क्लेम बसत नाही." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने एवढं बोलून माझा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, परत माझ्याकडे सरकवला. वॉरंटी कार्डावर कॅबिनेट कुठलं असावं याबद्दल एक अक्षर नाही. मी कार्ड त्याच्यासमोर वाचलं. तो म्हणाला, "कंपनीची पॉलिसी आहे." पॉलिसी दाखवा म्हटलं, तर मॅनेजर जेवायला गेलेले. त्या दिवशी ठरवलं की या कॅबिनेटचा अनुभव लिहायचाच, नाहीतर लोकांना वाटेल की हाताने बनवलेली वस्तू म्हणजे जुगाड.

मुक्काम कोल्हापूर, घर जुनं. कॉम्प्युटर ठेवायला जागा एकच, भिंतीतला कोनाडा. बाजारातलं कुठलंही कॅबिनेट त्यात बसत नाही, आणि बसलं तरी मागचा पंखा भिंतीवर गरम हवा फुंकत बसणार. शिवाय हल्ली साधं कॅबिनेट मागितलं की दुकानदार काच आणि रंगीत दिवे दाखवतो. म्हणून मदरबोर्ड 90 अंशात फिरवून सगळी पोर्टं वर आणायची आणि हवा खालून वर न्यायची असं ठरवलं. कल्पना माझी नाही. सिल्व्हरस्टोन कंपनीच्या रेव्हन मालिकेतल्या कॅबिनेटांत हे पूर्वीच झालंय, पण ती कॅबिनेटं माझ्या कोनाड्यापेक्षा मोठी आणि खिशापेक्षा तर फारच मोठी.

मापं सगळी उघड असतात. मायक्रो एटीएक्स बोर्ड 244 बाय 244 मिमी, एसएमपीएस 150 बाय 86, कार्डांच्या स्लॉटमधलं अंतर 20.32. मागच्या पोर्टांच्या पट्टीची खिडकी 158.75 बाय 44.45 मिमी. ही दशांशं बघून घाबरू नका. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स, म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचं हे मानक, आणलं ते इंचांत. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला मी मिमीतला कागद दिला, तर त्याने डोळे बारीक करून विचारलं, "म्हणजे सव्वासहा बाय पावणेदोन म्हणा की साहेब. डबा कसला हा, स्पीकरचा?" पंख्याचं मात्र डोळे मिटून गणित करू नका. 120 च्या पंख्याच्या भोकांतलं अंतर 105 असतं, म्हणून 140 ला 125 धराल, तर ते 124.5 आहे. अर्धा मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं, पण चौथा स्क्रू बसत नाही.

ड्रॉइंग लिबरकॅड या सॉफ्टवेअरमध्ये केलं, फुकट मिळतं म्हणून. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून कोनाड्यात ठेवून पाहिला. आतला सांगाडा 2 मिमी ॲल्युमिनियमचा, लेझर कटिंग करून वाकवलेला. पत्रा 5052 या मिश्रधातूचाच मागा. 6061-टी6 जास्त मजबूत असतो, पण घट्ट वाकवला की कडेला चिरतो. बेंडची आतली त्रिज्या 2 मिमी धरली तर प्रत्येक काटकोनी बेंडला बाहेरच्या मापांच्या बेरजेतून साधारण साडेतीन मिमी वजा करावे लागतात. फॅब्रिकेटरने माझा आकडा न बघता स्वतःच्या अनुभवाचा आकडा सांगितला, तो तंतोतंत तोच निघाला. बोर्ड पत्र्यापासून उचलून धरायला खाली एम3 आट्यांचे पितळी स्टँडऑफ घेतले, कारण 6-32 या इंची आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) इथे शोधत फिरण्यात अर्थ नाही. एसएमपीएसला 6-32 चे स्क्रू लागतात, पण आटे त्याच्या अंगातच असतात, पत्र्याला नुसतं भोक पुरतं. बाहेरचं आवरण 12 मिमी प्लायचं, वर सागवानी विनियर. जमिनीलगत हवा ओढायची म्हणून खाली डासांची जाळी ताणून बसवली. बाजारातली मॅग्नेटवाली जाळी चारशेला, ही खिडकीची उरलेली. बारीक धूळ तिच्यातून जाते, पण केस आणि बोळे अडतात, आणि ती काढून नळाखाली धुता येते.

पहिले महिने मी खूश होतो. ग्राफिक कार्ड जुन्या कॅबिनेटपेक्षा सहा-सात अंश थंड, आवाज कमी. पंख्याच्या एका ठरावीक वेगाला पत्रा गुणगुणायचा, तो गाडीच्या दाराला लावतात ती डांबरी शीट चिकटवल्यावर थांबला.

आणि मग मुंग्या.

अनवाणी पायाने वरच्या पोर्टात पेनड्राइव्ह लावायला गेलो की बोटांच्या मागच्या बाजूला झिणझिण. शॉक नाही, पण हात आपोआप मागे यायचा. बायको म्हणाली, "हा तुमचा डबा बंद करा आधी." मी एसएमपीएसला दोष दिला आणि तो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथे काय झालं ते वर आलंच आहे. त्या मुलावरचा राग अजून आहे. पण एसएमपीएस खरंच निर्दोष होता.

कारण असं. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे, म्हणजे धातूच्या खोक्याकडे, जाणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांना वाय कॅपॅसिटर म्हणतात. त्यांतून थोडी गळती होतेच, आणि ती अर्थच्या तारेने जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थ नसेल तर बॉडी अधांतरी, साधारण 230 च्या निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहते. करंट अगदी कमी, म्हणून मुंग्या. आमच्या कोनाड्याच्या सॉकेटला तीन भोकं होती आणि मागे वायरी दोनच. तिसरं भोक शोभेचं! मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये 230, फेज आणि अर्थमध्ये दर वेळी वेगळंच काहीतरी. वायरमनला बोलावून खरी अर्थ वायर ओढून घेतली आणि मुंग्या गेल्या. तुमच्या घरी ब्रँडेड कॅबिनेट असलं तरी हे तपासा. या प्रकरणात कॅबिनेटचा काही संबंधच नव्हता.

पण मल्टिमीटर हातात आला की माणूस थांबत नाही. एसएमपीएसच्या प्लगच्या अर्थ पिनेपासून कॅबिनेटच्या एकेका भागाला बीप लावून बघितली (वीज जायला सलग वाट असली की मीटर बीप करतो). बोर्डाची ट्रे, ठीक. तळ, नाही. मागची पट्टी, नाही. वरचं झाकण, तेही नाही. कारण पावडर कोटिंग. 60-80 मायक्रॉनचा तो थर म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लास्टिकच, वीज जाऊ देत नाही. मी भोकांभोवती मास्किंग टेप लावून दिला होता. कोटिंगवाल्याने तो काढून सगळं एकसारखं काळंभोर करून दिलं आणि वर म्हणाला, "फिनिश बघा की साहेब." फिनिश खरंच सुंदर आहे. उद्या एखादी वायर सोलवटून तळाला टेकली तर एमसीबी पडणार नाही, एवढंच.

उपाय स्वस्त. प्रत्येक जोडाला एका भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, दातेरी वॉशर घातले आणि झाकणापासून एसएमपीएसच्या स्क्रूपर्यंत लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून अर्थची हिरवी वायर ओढली. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. आता कुठेही टेकवा, बीप येते. तेव्हापासून मित्रांच्या घरी गेलो की त्यांचं कॅबिनेट बघतो. एका दुकानात शोकेसमधल्या कॅबिनेटलाही मीटर लावून पाहिला. दुकानदार म्हणाला, "घ्यायचंय का नुसतं तपासायचंय?" त्याच्या झाकणाला बीप आली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. साच्यातून येणाऱ्या मालात स्क्रूखालची जागा रंगाविना सोडलेली असते.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मत असं होतं की प्लाय उत्तम. मग आषाढ लागला. कोल्हापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. आवरण फुगून सांगाड्यावर असं अडकलं की उघडेना. सुतारकाका आले, रंधा मारला आणि म्हणाले, "कडा उघड्या ठेवल्यास की प्लाय पाणी पितोच रे बाळा." साध्या एमआर ग्रेडऐवजी आयएस 710 चा, म्हणजे मरीन, प्लाय घेतला असता तर थर सुटण्याची भीती कमी, पण कडा त्यालाही बंद कराव्याच लागतात. आता कडांना मेलामाइन पॉलिशचे हात दिलेत आणि फट दोन मिमीची ठेवलीय. पत्र्याचंच आवरण केलं असतं तर हे झालं नसतं, आणि आईच्या रेडिओत खरखरही आली नसती, कारण लाकूड रेडिओलहरी अडवत नाही. उरलेला पत्रा आवरणाच्या आतून लावला, त्यालाही हिरवी वायर जोडली, खरखर बरीच कमी झाली.

खर्च, पंखे सोडून, सात हजारांच्या आसपास. त्यात बाजारातली दोन बरी कॅबिनेटं येतात. लेझरवाला म्हणतो, फाइल आता तयार आहे, दुसरा नग पुष्कळ स्वस्तात पडेल. मित्राने तसा एक मागितलाय. कोटिंगला त्याचा पत्रा जाईल तेव्हा मी सोबत जाणार आहे आणि टेप निघत नाही ना, हे तिथे उभं राहून बघणार आहे.