बाळंतिणीला ताप: रॅपिड अँटिजेन की आरटी-पीसीआर?

नुकत्याच बाळंत झालेल्या एका मैत्रिणीला ताप-खोकला आहे. कोविडची कोणती चाचणी करू, हे तिला ठरवता येत नाहीये.

वेळेच्या बाबतीत अँटिजेन सरस. 15 ते 30 मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते, आणि टाके ओले असताना घराबाहेर पडावं लागत नाही. आरटी-पीसीआरचा नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवालाला काही तास, कधी एक-दोन दिवस.

भरवसा मात्र आरटी-पीसीआरचा. लक्षणं असताना अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी धरावी, पण निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. 48 तासांनी पुन्हा करावी. आरटी-पीसीआर विषाणूचा अगदी थोडा अंशही पकडते. म्हणूनच आजार सरल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

पण बाळंतिणीचा ताप गर्भाशय, टाके, लघवी किंवा स्तनांतल्या संसर्गानेही येतो. ओटीपोट दुखत असेल, स्रावाला घाण वास असेल, तर कोविड पॉझिटिव्ह असला तरी डॉक्टरांनी तपासायलाच हवं. धाप, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्या आणि अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो.

अहवाल येईपर्यंत बाळाचं दूध तोडू नका. हात धुऊन, मास्क लावून पाजता येतं.

लक्षणं सौम्य असतील आणि घरात लगेच काळजी घ्यायची असेल, तर अँटिजेन. ती निगेटिव्ह येऊनही लक्षणं टिकली, मधुमेह-रक्तदाब असेल किंवा दाखल व्हावं लागलं, तर आरटी-पीसीआर.