मीटिऑर 3: दहा महिने वापरल्यावर, आणि एका राहून गेलेल्या 'अवेट'बद्दल

मीटिऑर ही जावास्क्रिप्टमध्ये वेब अ‍ॅप बनवायची चौकट. तिच्या 3 या आवृत्तीवर येऊन दहा महिने झाले. तिसऱ्याच आठवड्यात मी या अपग्रेडला पाचपैकी दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. आज ते मत राहिलेलं नाही, पण त्यामागचा राग पुरता गेलेला नाही. म्हणून आधी तोच सांगतो.

माझं अ‍ॅप लहान आहे. सभासदांनी सामायिक उपकरणं आरक्षित करायची आणि व्यवस्थापकांनी ती मंजूर किंवा रद्द करायची, एवढंच त्याचं काम. 2014 मध्ये 1.0 आलं तेव्हापासून ते मीटिऑरवरच आहे आणि मी एकटाच ते सांभाळतो. सर्व्हरवर 'फाइंडवन' (डेटाबेसमधून एक नोंद आणणारं फंक्शन) लिहिलं की पुढच्या ओळीत उत्तर हातात. फायबर्समुळे (फंक्शन मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणारी सोय) डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत ते फंक्शन जागच्या जागी थांबायचं, बाकीचा सर्व्हर चालू राहायचा आणि कॉलबॅकचं, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायच्या फंक्शनांचं, जंजाळ डोळ्यांसमोर यायचंच नाही. एकट्या माणसाला याहून मोठी सोय काय हवी?

पुढे हीच सोय गळ्याशी आली. नोड हा सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि फायबर्स नोड 16 वर चालत नाहीत. त्यामुळे मीटिऑर 2 नोड 14 ला बांधलं गेलं आणि नोड 14 ची अधिकृत मुदत एप्रिल 2023 मध्ये संपली. फायबर्स काढून टाकलेलं 3.0 यायला जुलै 2024 उजाडला. मधल्या काळात नवीन बातमी आली की मी आधी तारीख शोधायचो आणि ती नसली की चिडायचो. ही चिडचिड मात्र मी मागे घेतो. त्याच काळात मीटिऑरने नोड 14.21.4 अशी स्वतःची बांधणी दिली होती, मुदत संपल्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या घातलेली. मी एक पैसा न भरता ती वापरत होतो आणि वर तक्रार करत होतो.

आता मूळ दुखणं. 3 मध्ये सर्व्हरवर जुनं 'फाइंडवन' राहून गेलं तर फार बिघडत नाही. ते तिथल्या तिथे एरर देतं आणि 'फाइंडवनअसिंक' (त्याचा उत्तरासाठी न अडणारा, असिंक प्रकार) वापरा म्हणून सांगतं. अशा एररी मी दोन शनिवार-रविवारांत संपवल्या. वेबअ‍ॅपमध्ये ब्राउझरच्या विनंत्या हाताळणाऱ्या कनेक्टच्या जागी एक्सप्रेस आलं, तो बदल तर तासाभरात उरकला. चाचण्या हिरव्या झाल्या, मी नवी आवृत्ती चढवली.

तीन आठवड्यांनी एका सभासद बाईंचा फोन आला. त्यांनी मोबाइलवर 'रद्द करा' दाबलं होतं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी आरक्षण उडालं होतं. त्या बिचाऱ्या माफी मागत होत्या. मोबाइलच्या पानावर ते बटण सगळ्यांना दिसायचं, कारण अडवायचं काम सर्व्हरचं होतं. पूर्वी सर्व्हर अडवायचाही.

ती ओळ आजही तोंडपाठ आहे. वापरणारा व्यवस्थापक नसेल तर एरर फेक, एवढाच तिचा अर्थ. अपग्रेड करताना मी 'व्यवस्थापक आहे का' हे तपासणारं फंक्शन असिंक केलं, पण ते जिथे बोलावलं जातं तिथे अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब' असं सांगणारा शब्द, लावायचं राहिलं. असिंक फंक्शन हो किंवा नाही असं उत्तर देत नाही, ते प्रॉमिस देतं, म्हणजे 'उत्तर नंतर देतो' असं वचन. प्रॉमिस ही एक वस्तू आहे, म्हणून इफच्या, म्हणजे 'जर'च्या अटीच्या, कंसात ती कायम 'हो' ठरते. तिच्यापुढे नकाराचं चिन्ह लावलं की कायम 'नाही'. म्हणजे एरर फेकणारी ओळ कधीच चालणार नव्हती. दाराला कडी होती, कोयंडाच नव्हता.

आणि कुठे काही बोंब नाही! लॉगमध्ये चकार शब्द नाही, चाचण्या हिरव्याच. माझ्या चाचण्या व्यवस्थापकाला आरक्षण रद्द करता येतं का एवढंच बघत होत्या. इतरांना ते करता येऊ नये, हे तपासणारी एकही चाचणी मी इतक्या वर्षांत लिहिली नव्हती.

दोष जावास्क्रिप्टचा की माझा, यावर वाद घालता येईल. माझं म्हणणं इतकंच, की फायबर्सच्या सवयीवर वाढलेल्या माणसाला स्थलांतर समजावताना ही गोष्ट पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवी. कुठली फंक्शनं गेली याची यादी नंतर वाचली तरी चालते, कारण गेलेलं फंक्शन स्वतः ओरडतं. राहून गेलेला अवेट ओरडत नाही.

मग मी सर्व्हरचा सगळा कोड टाइपस्क्रिप्टच्या कडक तपासणीखाली आणला आणि ईएसलिंट या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाचा 'नो-मिसयूज्ड-प्रॉमिसेस' हा नियम लावला. अटीत उघडं प्रॉमिस आलं की तो पकडतो. 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' या, तसंच सोडून दिलेलं प्रॉमिस पकडणाऱ्या, भावंडाचाच जास्त बोलबाला आहे, पण इफमधलं प्रॉमिस त्याच्या तावडीत येत नाही. दोन्ही लावा. माझ्याकडे अशा आणखी चार जागा निघाल्या. त्यातली एक फिल्टरच्या आत होती. तिथे असिंक फंक्शन दिलं तर काहीच गाळलं जात नाही, सगळी यादी जशीच्या तशी बाहेर येते.

चुटपुट एका गोष्टीची लागते. असिंक फंक्शनं 2.8 पासूनच होती. 2 च्या शेवटच्या आवृत्त्यांत जुनी पद्धत वापरली की इशारा देणारी सोयही होती. मी 2.16 वर असतानाच, फायबर्स शाबूत असताना, एकेक फाइल बदलत गेलो असतो तर प्रत्येक बदल शांतपणे तपासता आला असता. मी सगळं एका उडीत केलं. तुम्ही अजून 2 वर असाल तर तसं करू नका.

बाकी सुखाचं आहे. 3.1 सोबत नोड 22 आलं. 3.3 मध्ये पॅकेज डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलमधल्या मीटिऑरच्या भागात 'मॉडर्न' चालू केलं आणि कोड एसडब्ल्यूसी या वेगवान रूपांतरकामधून जायला लागला. फाइल जतन करून ब्राउझरकडे मान वळवेपर्यंत बदल दिसतो. जुन्या लॅपटॉपवर हे बघून मला खरंच भरून आलं. नवा घ्यायचा विचार होता, तो रद्द केला. ब्लेझ या मीटिऑरच्या पानं बनवायच्या साधनातली माझी जुनी पानं चालतात. ब्राउझरमध्ये मिनीमोंगोचं (तिथल्या छोट्या डेटाबेसचं) साधं 'फाइंडवन' अजून चालतं, त्यामुळे त्या बाजूला फारसा हात लावावा लागला नाही. अ‍ॅटमॉस्फिअर या मीटिऑरच्या पॅकेज-भांडारातली दोन पॅकेजं मात्र बेवारस निघाली. एकाला पर्याय सापडला, दुसऱ्याचं काम मी स्वतः चाळीस ओळींत लिहून टाकलं.

तर आज पाचपैकी चार. पाचवा तारा त्या फोनपाशी अडकला आहे. त्या दिवशी मी पहिली नकाराची चाचणी लिहिली: साध्या सभासदाने दुसऱ्याचं आरक्षण रद्द करायला घेतलं तर एरर आलीच पाहिजे. आता अशा एकोणीस आहेत आणि त्यातली एक जरी लाल झाली तरी नवी आवृत्ती चढत नाही.