आईची गोळी: घड्याळाच्या भरवशावर की निरांजनाच्या?

आईची बीपीची गोळी सकाळी आठची. आधी सगळं घड्याळावर होतं. आठ वाजून जायचे नि गोळी पाकिटातच राहायची. मग गोळ्यांची डबी देवघरात निरांजनाशेजारी ठेवली. निरांजन लावलं की गोळी. तेव्हापासून क्वचितच चुकते.

पुढे करायच्या कामाची आठवण दोन तऱ्हेची असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आइनस्टाइन आणि मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये हा भेद मांडला: एक वेळेला बांधलेली, दुसरी प्रसंगाला. वेळेच्या कामात आठवण करून देणारं समोर काहीच नसतं, माणसाला आपणहून घड्याळाकडे वळावं लागतं. वय वाढलं की बहुधा तेच जड जातं. प्रसंगाच्या कामात निरांजनच हाक मारतं.

मोबाइलचा गजर? प्रवासात चांगला. घरी मात्र आई तो बंद करून कुकरकडे वळते, की गोळी राहिलीच.

म्हणून मी देवघराच्या बाजूची. पण डबी डोळ्यांसमोर असूनही गोळी वारंवार राहू लागली, किंवा घेतलेली पुन्हा घेतली गेली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला अशा सोप्या खुणाही निसटू लागतात.