डॉक्टरांची वेलनेस कार्यशाळा : सकाळ वाया, दुपार वसूल

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी दिवसभर झालेली ही कार्यशाळा. विषय : डॉक्टरांचं बौद्धिक आणि व्यावसायिक स्वास्थ्य. फी २,५०० रुपये, जेवणासह. मी राजारामपुरीत जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे मत फॅमिली डॉक्टरचं आहे, हे धरूनच वाचा. आयोजकांचं नाव घालत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं ओळखीची आहेत. ज्यांना जायचंय त्यांना कुठल्याही डॉक्टर ग्रुपवर पत्ता मिळेल.

आधी जमेची बाजू : औषध कंपनीचा प्रायोजक नव्हता. पिशवी नाही, पेन नाही, चहाआधी कुठल्याशा व्हिटॅमिनच्या गोळीवर दहा मिनिटांचं कीर्तन नाही. नुसत्या एवढ्यासाठीही मी पाचशे रुपये जास्त दिले असते.

सकाळी दारातच एक फॉर्म हातात दिला. बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस पार पिळून निघणं, मोजणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांच्या १९८१ च्या प्रश्नावलीवरून बेतलेले २२ प्रश्न. आपण भरायचा, स्वयंसेवकाने बेरीज करायची आणि प्रत्येकाच्या हातात एक आकडा : 'सर, तुमचा बर्नआउट अमुक.' इथेच माझं डोकं फिरलं. मूळ प्रश्नावलीत तीन वेगळी मोजमापं आहेत : थकव्याचे ९ प्रश्न, पेशंटबद्दल कोरडेपणा येण्याचे ५ आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय या भावनेचे ८. तिसऱ्यात जास्त गुण म्हणजे तब्येत बरी. ते पहिल्या दोन्हींत मिळवले तर कामावर खूश असलेला माणूसच जास्त आजारी ठरतो. एका रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी हे माइकवर सांगितलं. आयोजक म्हणाले, 'फक्त अवेअरनेससाठी आहे.' हिमोग्लोबिन आणि ईएसआर या रक्ताच्या दोन वेगळ्या तपासण्यांची बेरीज करून रिपोर्ट दिला तर चालेल का हो?

पुढचा दीड तास पुण्याहून आलेल्या ट्रेनरचा. दीर्घ श्वास, कृतज्ञतेची डायरी, शेजाऱ्याकडे बघून हसा. वाईट काहीच नाही. पण सूर असा की दोष डॉक्टरच्या सहनशक्तीत आहे, ती वाढवली की झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी ते जोडलं आहे. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्यातही एकेका डॉक्टरला शिकवण्यापेक्षा ड्युटी आणि कामाची पद्धत बदलण्याचा गुण जास्त दिसला होता, जरी एकूण फरक छोटाच होता. नाइट करून तसाच ओपीडीला बसणारा रेसिडेंट माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होता. ट्रेनरना वाटलं, ध्यान लागलंय.

साडेअकरापासून मात्र दिवस फिरला. एका निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या पद्धतीने केस घेतली : ऊसतोड कामगार, आठवडाभर ताप, डोळे पिवळे, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे किडनीवरही ताण. अख्खा हॉल म्हणाला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. सर नुसते विचारत राहिले, 'कपडे काढून बघितलं का कुणी?' मग पुढचा फोटो : काखेत विडीचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग. स्क्रब टायफस, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दोन्हीकडे चालतं, म्हणजे औषधात फारसा फरक नाही, तरी आम्ही पन्नाशीची माणसं कॉलेजच्या पोरांसारखी भांडत होतो. बौद्धिक स्वास्थ्य म्हणतात ते हेच असेल तर मला दर महिन्याला हवंय.

जेवण : सूप, मोडाची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी. रविवारी, कोल्हापुरात. तिघेचौघे सर्जन तांबड्या-पांढऱ्याच्या ओढीने गायब झाले ते अडीचला उगवले.

दुपारचा बालिंट गट हा या कार्यशाळेचा खरा माल. मायकल बालिंट हे मूळचे बुडापेस्टचे मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जनरल प्रॅक्टिशनर्सना घेऊन बसू लागले, तिथली ही पद्धत. डॉक्टर हेसुद्धा एक औषध आहे, त्याचा डोस आणि दुष्परिणाम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, हा त्यांचा मुद्दा. दहा जण गोल बसतात. एकाने डोक्यात घर करून बसलेला पेशंट सांगायचा, फाइल न बघता. दोनचार प्रश्न झाले की त्याने खुर्ची मागे ओढायची आणि गप्प ऐकायचं. बाकीच्यांनी निदान सांगायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. पेशंटला काय वाटत असेल आणि डॉक्टरला काय, तेवढंच बोलायचं. डॉक्टरला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनाच कळेल.

एक केस, ती सांगणाऱ्या बाईंच्या परवानगीने, ओळख पुसून लिहितो. स्त्रीरोगतज्ज्ञ. पेशंटची सासू प्रत्येक व्हिजिटला तेच प्रश्न विचारते, म्हणून त्या वैतागलेल्या. त्यांनी खुर्ची मागे घेतल्यावर बराच वेळ सगळे सासूवरच बोलत होते. मग ग्रामीण रुग्णालयातला एक तरुण मेडिकल ऑफिसर चाचरत म्हणाला, 'मॅडमनी सुनेबद्दल सांगितलं ते स्वतःच्या आवाजात, सासूचं सगळं तिच्या आवाजात. नक्कल चांगली होती. सुनेचं नाव मात्र एकदाही आलं नाही.' मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या, पण नियमाप्रमाणे बोलता येईना. वेळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, 'नाव आत्ताही आठवत नाहीये.' कुणी समजूत घातली नाही, कुणी उपदेश केला नाही. सकाळच्या फॉर्ममधले कोरडेपणाचे पाच प्रश्न मला इथे कळले.

तक्रारी. मोबाइल टोपलीत ठेवायला लावतात. भूलतज्ज्ञ आणि प्रसूतीवाल्यांना ते शक्य नाही, बाहेर फोन घ्यायला एक माणूस ठेवा. गट पुढे दर महिन्याला भरणार आहे, पण वेळ संध्याकाळी सात. कोल्हापुरात सातला दवाखाना सोडून कोण येणार? साडेनऊ करा. आणि हा गट म्हणजे उपचार नव्हे, हे आयोजकांनी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. झोप उडालीय, जीव नकोसा झालाय अशांनी मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि तो डॉक्टरांनाही चालतो.

पुढच्या वेळी थेट साडेअकराला आलं तर चालेल का, असं निघताना विचारलं. चालेल म्हणाले, फी मात्र पूर्ण.