इरिडियम ९५७५ एक्स्ट्रीम: बुडालेल्या कंपनीच्या जाळ्यावरचा भरवशाचा फोन

या सॅटेलाइट फोनबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ अँटेनात असतं. ती शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायची आणि फोन कानाला लावल्यावरही आभाळाकडे उभी राहील अशी फिरवायची. फोन साध्या मोबाइलसारखा तिरका धरला की अँटेना आडवी होते आणि आवाज तुटायला लागतो. पत्र्याखाली, गाडीत किंवा दाट झाडीत प्रयत्नच करू नका. उघड्यावर या, स्क्रीनवर 'रजिस्टर्ड' दिसेपर्यंत थांबा, शून्य दाबून धरून अधिकचं चिन्ह आणा, मग ९१ आणि पुढे नंबर.

एवढ्या कटकटीचा फोन घ्यायचा कशाला, याचं उत्तर कंपनीच्या इतिहासात आहे. मोटोरोलाच्या मूळ आराखड्यात ७७ उपग्रह होते. इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांकही ७७, म्हणून हे नाव. पुढे उपग्रह ६६ वर आले, नाव तेच राहिलं. पहिले उपग्रह मे १९९७ मध्ये गेले, सेवा १ नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ५ अब्ज डॉलरचं काम, वर्षही निघालं नाही. गिऱ्हाईक धरलं होतं देशोदेशी फिरणारा व्यावसायिक. त्याच्या हातात तोवर रोमिंगवाला छोटा मोबाइल आला होता. सुमारे ३,००० डॉलरचा, विटेएवढा आणि इमारतीत न चालणारा फोन तो कशाला घेईल?

उपग्रह खाली आणून जाळायची तयारी झाली होती. पॅन अ‍ॅम या विमान कंपनीचे माजी अध्यक्ष डॅन कोलुसी यांच्या गटाने २००० च्या अखेरीस ही सगळी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास घेतली आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटावर सेवा तगली. आमच्या मते सॅटेलाइट संपर्काच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा सौदा.

कारण ज्या रचनेने प्रकल्प महाग केला, तीच आज कामाची आहे. इरिडियमचा उपग्रह थेट आपल्या खाली असलेल्या जमिनीवरच्या स्टेशनवर अवलंबून राहत नाही. पुढचा, मागचा आणि दोन्ही बाजूंचे शेजारी अशा चार उपग्रहांशी तो थेट बोलतो. तुमचा कॉल ७८० किलोमीटर उंचीवर एकाकडून दुसऱ्याकडे जात सोयीच्या स्टेशनवर उतरतो. म्हणून भर समुद्रात, अगदी ध्रुवावरही फोन लागतो. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर, म्हणजे आभाळात एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या उपग्रहामुळे बोलण्यात जी लांब अडखळ येते, ती इथे बरीच कमी असते.

या रचनेचा तोटाही आहे. उपग्रह सुमारे १०० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो, त्यामुळे डोक्यावर तो काही मिनिटंच असतो. मग कॉल पुढच्याकडे सोपवावा लागतो. अरुंद दरीत पुढचा उपग्रह कड्याआड असतो, आणि कॉल तिथेच तुटतो. दोष फोनचा नसतो. अशा जागी बोलण्यापेक्षा १६० अक्षरांचा संदेश बरा.

२०१७ ते २०१९ दरम्यान आठ फाल्कन ९ रॉकेटांनी ७५ नवे उपग्रह वर नेले, पण या फोनचा डेटा वेग २.४ केबीपीएसच राहिला. एक एमबीचा फोटो पाठवायला जवळपास ५५ मिनिटं लागतील. फोटो विसरा. संकटात दाबायच्या एसओएस बटणाचा नंबरही निघण्याआधीच भरून ठेवा. बोटीवर बाहेरची अँटेना लावणार असाल तर केबलमधली सिग्नलची घट ३ डेसिबलच्या आत ठेवा. साधी आरजी-५८ केबल पाचेक मीटरमध्येच तेवढी खाते.

बांधणी दणकट आहे, धूळ आणि पाण्याचा फवारा झेलणाऱ्या आयपी६५ दर्जाची. बॅटरी बोलण्यासाठी ४ तास आणि स्टँडबायला ३० तास, हा कंपनीचा आकडा. थंडीत तो घसरतो, म्हणून जादा बॅटरी अंगातल्या खिशात ठेवावी.

समुद्रावर किंवा परदेशी मोहिमेवर जाणाऱ्याने जरूर घ्यावा. मात्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि विमानतळांवर यावरून प्रवाशांना अटक झालेली आहे. सुट्टीवर घरी येणाऱ्या खलाशाने तो सामानात आणूच नये. देशात कायदेशीर सॅटेलाइट फोन हवा असेल तर बीएसएनएलकडे इनमारसॅट या भूस्थिर उपग्रहांच्या जाळ्यावर चालणाऱ्या सेवेसाठी अर्ज करावा. तिथे मात्र अँटेना उपग्रहाच्या दिशेने धरावी लागते.